राहिले कोण?

नोव्हेंबर जवळ आला, की माझे लक्ष अमेरिकेतल्या आयव्ही लीगच्या बास्केटबॉलकडे लागते. विद्यापीठे आठच, आणि खेळासाठी शिष्यवृत्ती नाही! तरी राष्ट्रीय स्पर्धेत 2023 साली प्रिन्स्टनने ॲरिझोनाला, 2024 साली येलने ऑबर्नला हरवले. 2025 पासून बडी विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली; आयव्हीने नकार दिला. त्यामुळे नव्या मोसमाचा अंदाज बांधताना मी आधी पाहतो, राहिले कोण? येलचा सात फुटी डॅनी वुल्फ 2024 सालीच मिशिगनला गेला. तरी 2025 चे विजेतेपद येलचेच. माझा कौल येलला.

आमचा कप्तानही गेल्या वर्षी फी माफ होते म्हणून दुसऱ्या कॉलेजात गेला. महिनाभर मी त्याच्याशी बोललो नव्हतो. सुटीत भेटला, तेव्हा विचारले, "यंदा कोण रे?"

"येल," तो म्हणाला.