ब्रेकची मशागत

खंडाळ्याचा घाट उतरताना वडिलांच्या स्टँडर्ड हेरल्डच्या चाकांतून येणारा करपट वास मी लहानपणापासून ओळखतो. आणि दोन वर्षांपूर्वी डर्बीशायरमधला स्नेक पासचा उतार उतरताना माझ्या १९६८ सालच्या ट्रायम्फ स्पिटफायरच्या पुढच्या डाव्या चाकातून तोच वास आला, तेव्हा माझे हात स्टीअरिंगवर आपोआप घट्ट झाले. या दोन गाड्यांचे नाते तसे सख्खेच. दोघींची रेखाकृती इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांची, आणि १९६२ साली स्पिटफायर बाजारात आली तीही हेरल्डवरून बेतलेल्या आखूड चौकटीवरच. मात्र मद्रासेत बनलेल्या आमच्या हेरल्डला चारही चाकांत ड्रम होते, आणि कोव्हेंट्रीत बनलेल्या या धाकट्या बहिणीला पुढे ९ इंची डिस्क मिळाल्या होत्या. तरीही वास आला, याची मला चिंता वाटली.

ब्रेक गाडी थांबवतो असे आपण म्हणतो. वस्तुतः तो गतीची उष्णता करतो आणि ती उष्णता वाऱ्याच्या स्वाधीन करतो. दोन माणसांसह सुमारे ९०० किलो भरणारी ही गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून एकदा पूर्ण थांबवली, तर जितकी उष्णता निर्माण होते तेवढ्या उष्णतेने एक लिटर पाणी उकळीला येईल. वेग निम्मा असता तर त्या उष्णतेचा चतुर्थांशच निर्माण झाला असता. ड्रम तापला की फुगून शूपासून दूर जातो, म्हणून घाटात वडिलांच्या पायाखालचे पेडल वळणागणिक खाली जात असे, आणि ते न बोलता गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकत. डिस्क उघड्यावर फिरते, आणि तापून जाड झाली तरी पॅडच्याच दिशेने सरकते. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी तिचे पेटंट १९०२ सालीच घेतले होते. पण डनलॉपच्या डिस्क लावलेल्या जॅग्वारने १९५३ साली ले मान्सची शर्यत जिंकली तेव्हा कुठे जगाची खात्री पटली, आणि पुढच्या तीनच वर्षांत ट्रायम्फने आपल्या टीआर३ला डिस्क बसवल्या.

माझी तक्रार ऐकून घेणाऱ्या बहुतेकांनी एकच तजवीज सुचवली: चार पिस्टनांचे नवे कॅलिपर आणि मोठ्या डिस्क घ्या. त्याचा खर्च कित्येकशे पौंडांच्या घरात जात होता. खर्चापेक्षाही मला खटकले ते निदानाआधीच औषध देणे. ज्या गॅरेजात मी गाडी दोनदा दाखवली, तिथेही चाक उचलून हाताने फिरवून पाहण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. हे मी रागाने लिहीत नाही, पण ब्रेकच्या कामात अशी हयगय क्षम्य आहे असे मला वाटत नाही.

मी चाक जॅकवर घेतले, पेडल दाबून सोडले, आणि चाक फिरवू पाहिले, ते फिरेना. हवा काढण्याचा निपल पाव फेरा सैल करताच तेलाची पिचकारी उडाली आणि चाक मोकळे झाले, म्हणजे पिस्टन गंजलेला नव्हता, दाब आत अडकला होता. पुन्हा पेडल दाबून या वेळी होज पाइपाच्या वरच्या बाजूचा जोड सैल केला, तर चाक जखडलेलेच राहिले. दोष त्या वीतभर रबरी नळीत होता. बाहेरून ती धडधाकट दिसत होती, पण आतून फुगून तिचा मार्ग इतका अरुंद झाला होता की पायाच्या जोराने तेल पुढे जाई आणि परत मात्र येत नसे. परिणामतः डावे पॅड डिस्कला अहोरात्र घासत राहिले होते. माझ्या गाडीत चारही चाकांना तेल पुरवणारी वाट एकच असल्यामुळे ती नळी फुटली असती तर हाती फक्त हँडब्रेक उरला असता. सबब सगळ्याच नळ्या बदलल्या. खर्च तीस पौंडांच्या आत.

मागच्या ड्रमकडे सहसा कोणी पाहत नाही, आणि तिथेच या गाडीची खरी खोच आहे. तिच्या मागच्या व्हील सिलिंडरला पिस्टन एकच असतो. तो एका शूला ढकलतो, आणि त्याच्या प्रतिक्रियेने सिलिंडर स्वतः पाठच्या पत्र्यातील खाचेत उलट सरकून दुसऱ्या शूला ढकलतो. ती खाच गंजली की सिलिंडर जागीच रुततो, एकच शू काम करतो, आणि हँडब्रेकही निम्मा होतो. माझे दोन्ही रुतलेले होते. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने धूळ हवेने न उडवता ओल्या फडक्याने टिपली, खाच तारेच्या ब्रशने घासून उघडी केली, उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा पातळ हात दिला, आणि सिलिंडर दोन बोटांनी इकडून तिकडे सरकेपर्यंत उठलो नाही. अख्खा रविवार त्यात गेला. माझ्या आजवरच्या कामात इतक्या थोड्या साहित्यात इतका फरक पाडणारे दुसरे काम मला आठवत नाही.

तेलाची गोष्ट थोडक्यात सांगतो. डॉट ४ प्रतीचे ताजे ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतील ओलावा शोषते, आणि पुरेसा शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. उकळलेल्या तेलाची वाफ पायाखाली स्पंजासारखी दबते. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचे, आणि रंगावर थेंब पडला तर तत्काळ पाण्याने धुवायचा. पॅड मी मध्यम कडकपणाचे, रस्त्यासाठीचे घेतले. शर्यतीचे पॅड तापल्यावाचून पकडत नाहीत, आणि कोव्हेंट्रीच्या जानेवारीतल्या सकाळी पहिल्याच चौकात त्यांचा भरवसा कोण धरील?

नव्या तेलानंतर नळ्यांतली हवा काढताना आमच्या घरी पत्नी पेडलवर बसते आणि मी मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या, मागच्या डाव्या चाकाशी. "दाब," "धर," "सोड" एवढ्या तीन शब्दांवर तो तास चालतो. शेवटच्या चाकाला तिने वरून हाक दिली, "अहो, आता दगडासारखं लागतंय."

ट्रायम्फच्याच जीटी६ या भावंडाच्या ९.७ इंची डिस्क आणि त्यांचे कॅलिपर भंगारातून मिळवून, व्हर्टिकल लिंकसकट स्पिटफायरला चढवता येतात. माझ्या शेडमध्ये ते तेलकट कागदात गुंडाळलेले आहेत. ते मी अद्याप बसवलेले नाहीत. त्या कॅलिपरचे पिस्टन मोठे, म्हणजे पेडलची चाल वाढणार आणि ब्रेकचा भार आणखी पुढच्या चाकांकडे झुकणार. मागचे ड्रम त्या मानाने सुधारल्यावाचून हे करणे मला पटत नाही. शिवाय अशा बदलाची इत्तला विमा कंपनीला लेखी द्यावी लागेल, ती मी त्या वेळी देईनच.

गेल्या वर्षीच्या शरदात स्नेक पास पुन्हा उतरलो. ग्लॉसपला पोचल्यावर गाडी सपाटीवर उभी केली आणि चारही चाकांपाशी, धातूला न लावता, तळहात धरत फिरलो. पुढच्या दोन्ही चाकांची ऊब सारखी होती. मागच्या दोन्ही चाकांनाही, फार दिवसांनी, ऊब होती.