आत्याबाईंचा वस्तरा

ज्यांची हयात बदलीच्या हुकुमांवर गेली, त्यांच्या घरात एक तरी पेटी अशी असतेच, की जी प्रत्येक गावी नेली जाते आणि कोणत्याही गावी उघडली जात नाही. आमची तशी पेटी वर्ध्याहून निघाली, बोकारो पाहून आली आणि निवृत्तीनंतर माझ्याबरोबर भिलाईच्या हुडकोत येऊन टेकली. (हुडको हे १९७० साली स्थापन झालेल्या, घरांसाठी कर्ज देणाऱ्या महामंडळाचे आद्याक्षरी नाव. मराठी माणूस वस्तीला देवाचे नाव देतो, नाही तर झाडाचे. मी सावकाराच्या नावाने वसलेल्या वसाहतीत राहतो.)

गेल्या पावसाळ्यात वाळवीच्या भीतीने ती पेटी उघडली. तळाशी, मळकट फडक्यात गुंडाळलेला एक वस्तरा निघाला. पात्यावर गंज इतका चढला होता, की ते मुठीतून बाहेर येईना. शेवटी आले तेव्हा पाठीजवळ ‘सोलिंगेन’ ही अक्षरे अंधूक दिसली. पात्यांसाठी जगात नावाजलेले हे जर्मन गाव. त्या नावाचा शिक्का गावाबाहेरच्या मालावर मारू नये, असा कायदाच जर्मनीत १९३८ साली झाला. वस्तरा वडिलांचा असावा, असे मी धरून चाललो. माझी उभी नोकरी रुळांचे पोलाद तपासण्यात गेली. रुळाच्या पोलादात कर्ब पाऊण टक्क्याच्या आसपास असतो, वस्तऱ्याच्या पोलादात एक टक्का किंवा त्याहूनही अधिक. म्हटले, हा आपल्याच भाऊबंदांतला. याला उभा करू.

पहिले नवल मुठीचे. पाते गंजले होते ते ओलीने नव्हे, मुठीमुळे. मूठ हस्तिदंती दिसत होती, पण होती सेल्युलॉइडची. हस्तिदंताला स्वस्त पर्याय म्हणून १८७० च्या सुमारास अमेरिकेत हा पदार्थ पुढे आला. कापसाच्या तंतूवर नत्राम्लाची क्रिया करून त्यात कापूर मिसळला की तो तयार होतो. पण वर्षे लोटली की तो आतून कुजू लागतो, आम्लाची वाफ सोडतो आणि जे पाते जपण्यासाठी त्याची योजना, त्यालाच खातो. पितळी रिव्हेट कानशीने घासून काढल्या आणि त्या दोन पट्ट्या वेगळ्या केल्या, तेव्हा त्यांचा चुरा हाताला लागला.

कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांनी फिरत्या चाकावर पाते उजळून देण्याची तयारी दाखवली. मी नको म्हटले. पातळ पाते चाकावर क्षणात तापते. त्यावर निळा रंग चढला की समजावे, पोलादाला दिलेले पाणी उतरले. मग ते पाते काकडी चिरायलासुद्धा कामाचे नाही. म्हणून शिवणयंत्राचे तेल आणि पॉलिश पेपर घेऊन रोज दुपारी हातानेच घासत बसे. चारशे नंबरच्या पेपरपासून दोन हजारापर्यंत पोचायला तीन आठवडे लागले. काही खळगे इतके खोल होते, की ते घालवायचे तर पातेच घालवावे लागते. ते तसेच ठेवले.

नव्या मुठीसाठी सुपेल्यातल्या एका वृद्ध सुताराने तेंदूच्या गाभ्याचा तुकडा काढून दिला. तेंदू म्हणजे आपली टेंभुर्णी. छत्तीसगडात तिला ओळखतात ती विडीच्या पानासाठी, पण जुन्या झाडाचा गाभा काळाभोर आणि दगडासारखा कठीण असतो. “बाबूजी, आरी रोती है इस पर,” म्हातारा म्हणाला, आणि तीन मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या अशा कापून दिल्या, की माझ्याकडे घासायला फारसे उरले नाही.

याच सुमारास सहज म्हणून नागपूरला ताईला फोनवर हे सांगितले. ताई ब्याऐंशी वर्षांची आहे. ती जरा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “अरे, तो बाबांचा नव्हे. तो आत्याबाईंचा.”

आत्याबाई म्हणजे आजोबांची धाकटी बहीण. बाराव्या वर्षी विधवा होऊन भावाच्या घरी आल्या त्या १९६२ साली गेल्या. मला त्यांचे आलवण आठवते, डोक्यावरून कधीही न ढळलेला पदर आठवतो. दर पंधरवड्याला मागच्या दाराशी न्हावी येई, तेव्हा आम्हा मुलांना पुढच्या अंगणात पिटाळीत. का, ते कोणी सांगत नसे आणि आम्ही विचारीत नसू.

मी काम थांबवले. पत्नी म्हणाली, “ही वस्तू घरात नको.” मलाही ते पटत होते. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा भरवली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असा ठराव केला. हातावर पोट असलेल्या माणसांनी हक्काची मिळकत सोडली. आणि त्यानंतर चाळीस वर्षांनी आमच्या शिकल्यासवरल्या घराने त्याच कामासाठी विलायती पाते विकत आणले! टेबलावर चकाकणाऱ्या त्या पात्याकडे पाहवेना. महिनाभर ते तेल लावून खणात पडून राहिले.

पुढे ताईचाच फोन आला. “झाला का रे तुझा वस्तरा?” मी खरे काय ते सांगितले. ती म्हणाली, “वेडा आहेस. न्हाव्याच्या वस्तऱ्याला धार नसे. आत्याबाईंच्या डोक्यावर जखमा होत. सगळ्या जन्मात त्यांनी भावाजवळ काही मागितलं असेल तर तेवढंच, की चांगला वस्तरा आणून द्या. आईनं मला सांगितलंय. आजोबांनी मुंबईहून मागवला. तू त्याला धार लाव.”

आजोबांना वस्तरा आणता आला. न्हाव्याला नको म्हणता आले नाही. ते चांगले इंग्रजी वाचीत, आगरकरही त्यांनी वाचले होते.

मग उरलेले काम केले. तेंदूच्या पट्ट्यांना जवसाच्या तेलाचे हात दिले, टोकाशी शिशाची लहानशी पाचर बसवली आणि पितळी तारेच्या रिव्हेट हलक्या हाताने ठोकल्या. वस्तऱ्याची पाठ जाड ठेवतात ती उगीच नव्हे. पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकवली की कोन आपोआप साधतो. आपण फक्त हात जड होऊ द्यायचा नाही. दगडानंतर चामड्याचा पट्टा, त्यावर मात्र पाठ पुढे आणि धार मागे. दोन दिवस माझा हात जडच होत राहिला.

तिसऱ्या दिवशी डाव्या मनगटावरून पाते फिरवले. केस गेले, कातडीला कळले नाही. ताईला फोन करून तेवढेच सांगितले.