४० पानांचा प्रबंध

१९३९ साली केंब्रिज विद्यापीठाने एका भारतीय स्त्रीचा पीएच.डी.चा प्रबंध स्वीकारला. पाने जेमतेम ४०. लेखिका कमला भागवत, म्हणजेच पुढच्या कमला सोहोनी.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत अव्वल ठरलेल्या कमलाबाईंना बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने प्रवेश नाकारला. संचालक होते नोबेलविजेते सर सी. व्ही. रामन आणि नकाराचे कारण एकच, अर्जदार स्त्री आहे! त्यांचे वडील आणि काका मात्र याच संस्थेत शिकलेले.

कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला, तोही अटींवर: पहिले वर्ष कसोटीचे आणि त्यांच्या वावराने इतर संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये. वर्षभरातील काम पाहून रामन यांचे मत पालटले, हेही नोंदवायला हवे.

केंब्रिजला त्यांनी बटाट्यावर प्रयोग केले. पेशींच्या श्वसनात इलेक्ट्रॉन वाहून नेणारे सायटोक्रोम-सी वनस्पतींच्या ऊतींतही असते, हे त्यांतून दिसले. त्याचाच तो प्रबंध.

आणि केंब्रिज? तेथे पुरुषांच्या बरोबरीची पूर्ण पदवी स्त्रियांना मिळू लागली ती १९४८ साली.