सहाणेवरची साल

यांगोनची पहिली ओळख झाली ती वासातून. दगडावर ओलं लाकूड फिरत राहिलं की जो थंड, मातकट, किंचित गोड वास सुटतो, तो त्या सकाळी गल्लीभर रेंगाळत होता. सर नुकतीच ओसरली होती, इंग्रजी अमदानीतल्या इमारतींच्या शेवाळलेल्या भिंतींतून पिंपळ फुटले होते, वरच्या मजल्यांवरून चिमटे बांधलेल्या दोऱ्या रस्त्यापर्यंत लोंबत होत्या, त्यांना अडकून कुणाचं वर्तमानपत्र, कुणाची भाजी वर चालली होती. आणि एका दाराशी बसलेली म्हातारी वाटोळ्या दगडी सहाणेवर थनाखाची साल उगाळत होती. कवठाच्या कुळातलं हे झाड. नातीचे गाल माखून झाल्यावर तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं, आणि लेपाचं बोट माझ्याही गालावरून फिरवलं. केवढा गार स्पर्श होता तो!

माझं घर रत्नागिरीचं. आजोबांच्या देवपूजेतली सहाण, तिच्यावर उगाळलेलं चंदन, ओल्या सोवळ्याचा वास, सगळं त्या अनोळखी उंबरठ्यावर एकदम जागं झालं.

शहराला वळसा घालणाऱ्या लोकलमध्ये तो वास सोबतच आला. डब्यात भाजीच्या जुड्या, पाट्या, झोपलेली पोरं. रुळांलगत बांबूच्या झोपड्या, चिखलातून अनवाणी धावणारी मुलं. गरिबी कुठेच झाकलेली नव्हती. पण डब्यातल्या बहुतेक बायकांच्या गालांवर तो पिवळसर लेप होता, कुणाचा गोल, कुणाचा पानाच्या आकाराचा. पहाटेच्या अंधारात, पाट्या डोक्यावर घेण्याआधी, या साऱ्याजणी क्षणभर दगडापाशी बसल्या असतील, या विचारानं गळा दाटला. 2021 मध्ये ब्रह्मदेशात लष्करानं सत्ता बळकावली. तेव्हापासून तिकडच्या लढाईची बातमी आली की मला ते गालच आठवतात.

आणि आठवते राणी सुपायालत. ब्रह्मदेशच्या थिबा राजाबरोबर ती 1886 मध्ये आमच्या गावी आणली गेली, कैदेतच. टेकडीवरचा त्यांचा वाडा 1910 चा. 1916 मध्ये राजा रत्नागिरीतच गेला. कोकणातले इतके पावसाळे तिनं कसे काढले असतील? मंडालेहून आणलेली साल संपल्यावर तिनं काय उगाळलं असेल? चंदन? की सहाण कोपऱ्यात नुसती कोरडी पडली असेल?

1919 मध्ये ती ब्रह्मदेशी परतली, 1925 मध्ये यांगोनमध्येच वारली. श्वेडगॉन पॅगोड्याजवळ तिची समाधी आहे. संध्याकाळी तिथे गेले. वाडा अजून उभा आहे, भाट्याची खाडी वरून तशीच दिसते, असं तिला सांगितलं. मराठीतच सांगितलं. तीसहून अधिक वर्षं आमच्यात राहिलेली बाई. तिला एवढं तर नक्कीच कळलं असतं.