अनवाणी

पौषातल्या पहाटे घरातली शहाबादी फरशी विलक्षण गार पडते, आणि तीवरून मुलगा अनवाणी धावू लागला की पत्नीचा जीव कासावीस होऊन ती सपाता घेऊन त्याच्यामागे जाते; माझा आग्रह मात्र असा की, ज्या वयात तळव्याची कमान घडत असते, त्या वयात बोटांना जमीन चाचपू द्यावी. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या, २३०० भारतीय मुलांच्या पाहणीत सपाट तळव्यांचे प्रमाण पादत्राणे वापरणाऱ्यांत ८.६ टक्के, तर अनवाणी वावरणाऱ्यांत २.८ टक्के आढळले, हा दाखला मी पुढे केला. तिची तक्रार निराळी: आजोळच्या शेणाने सारवलेल्या भुईसारखी ऊब या दगडाला नाही. हे मला नाकबूल करता येत नाही. तूर्त पहाटे सपाता, ऊन ओटीवर आल्यावर मोकळे पाय, असा तह झाला आहे.