हात खिशात ठेवा!

वन बीएचकेमध्ये समुद्र पाळणं म्हणजे निव्वळ चैन, असं आमच्या मजल्यावर सगळ्यांचं ठाम मत आहे. माझ्या हॉलमध्ये ८० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यात मासे फक्त दोन, बाकी सगळी मश्रूम कोरल्सची वस्ती. निळ्या, हिरव्या, विटकरी रंगाच्या मऊ चकत्या, दगडांना चिकटून बसलेल्या. आईने पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाली, ‘‘अगं, पैसे खर्चून अळंबी पाळलीस? आणि भाजीपण करायची नाही?’’

अळंबी नाही, हे चक्क प्राणी आहेत. अंगात हाड नाही की सांगाडा नाही. पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं, ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि मालकाला वाटा देतं. थोडक्यात, जेवणाच्या रूपात भाडं भरणारे पेइंग गेस्ट!

यांचे लाड फारसे नसतात. प्रकाश मंद, पाण्याचा झोत हलका, तापमान २४ ते २६ अंश, खारटपणा १.०२५ च्या आसपास. पण हे सगळं रोज तसंच राहायला हवं, आणि खरी गोम तिथेच आहे. मे महिन्यात पाणी तापतं म्हणून मी टाकीवर छोटा पंखा लावते. पंख्याने पाणी उडतं, मीठ मात्र टाकीतच राहतं. त्यामुळे रोजची भर घालायची ती बिनमिठाच्या आरओ पाण्याची. खारं पाणी फक्त आठवड्याच्या पाणीबदलासाठी.

आमच्यासारख्या फ्रीलान्सर्सना स्वस्थ बसणं माहीतच नसतं. मेल पाठवून दोन तास झाले की लगेच आठवणीचा दुसरा मेल! टाकीत हा स्वभाव चालत नाही. मागच्या जुलैत एका रात्री सहा तास वीज गेली. बॅटरीवरचा एअर पंप लावून मी टाकीशेजारीच बसून राहिले. सकाळी बघते तर सगळे मश्रूम्स सुपारीएवढे आकसलेले. फोनवर सल्ले सुरू झाले. जागा बदल, लाइट वाढव, कसलं तरी औषध टाक. पोटात गोळा आला होता, पण खारटपणा आणि तापमान तपासलं, ते ठीक होतं. मग हात खिशात घातले. तिसऱ्या दिवशी दुपारी पहिली चकती उलगडली. जागा पसंत नसली तर मश्रूम स्वतःच दगड सोडतो, तरंगत जातो आणि दुसरीकडे चिकटतो. त्याला आपल्या मदतीची गरज नसते.

हात आवरायची खरी परीक्षा दुकानात होते. एकदा एका दुकानदाराने हळूच आतून एक डबा आणला. ‘‘मॅडम, हापण मश्रूमच!’’ नाव खोटं नव्हतं. फंजिया जातीच्या प्रवाळालाही मश्रूम कोरलच म्हणतात. पण त्याला चुन्याचा कडक सांगाडा असतो, आणि भारतात अशी सगळी कठीण प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. २०२० मध्ये कोस्टल रोडच्या आड येणाऱ्या मुंबईच्या प्रवाळ वसाहती हलवायच्या, तर पालिकेलासुद्धा वन खात्याची परवानगी काढावी लागली होती. माझ्या हॉलची काय कथा! दिसायला देखणं होतं, मोह झाला, पण तशीच बाहेर पडले. कुठून तरी समुद्रातून उपटलेलं ते घरी आणून मी कौतुकाने काय बघणार होते?

माझे सगळे मश्रूम्स एका मैत्रिणीच्या टाकीतल्या तीन तुकड्यांतून वाढले. सरकताना तळव्याचा एखादा तुकडा मागे राहतो, त्यातून नवं पिल्लू तयार होतं. समुद्राला हातही लावावा लागत नाही.

आता माझ्याकडेच जास्त झालेत. कुणाला हवे असतील तर फुकट देते, पण अट एकच. आधी टाकी भरा, दगड ठेवा, आणि अमोनिया-नायट्राइट शून्यावर येईपर्यंत तिला हात लावू नका. महिना-दीड महिना सहज जातो. तेवढे दिवस रिकाम्या टाकीकडे शांतपणे बघत बसता आलं, तर मश्रूम्स तुम्हाला नक्की जमतील.