इस्टील

भिलाई पोलाद कारखान्याची पहिली ब्लास्ट फर्नेस ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली आणि देशभरातली माणसं इथल्या सेक्टरांमध्ये शेजारी-शेजारी राहू लागली. एकच इंग्रजी शब्द किती तऱ्हांनी उच्चारला जातो हे ऐकायचं, तर असं गाव शोधून सापडायचं नाही. ‘स्टील’च घ्या. त्यात स्वर एक, म्हणून उच्चाराचं अक्षरही एक. मराठी माणूस तो तसाच म्हणतो. छत्तीसगढी किंवा बिहारी कामगार पुढे ‘इ’ लावून ‘इस्टील’ म्हणतो. अक्षरं झाली दोन. पंजाबी माणूस जोडाक्षरच सोडवून ‘सटील’ करतो, तर तेलुगू तोंडात शेवटी ‘उ’ येऊन ‘स्टीलु’ होतं. यांतल्या ‘इस्टील’ला हसायची आपल्याकडे जुनी खोड आहे, आणि ती सुटायला हवी. ज्याला आपण गावंढळपणा समजतो, तो भाषेचा काटेकोर नियम आहे.

नियम कसा, ते पाहा. शाळेला ‘इस्कूल’ म्हणणारा माणूस ग्लासला ‘गिलास’ म्हणतो. ‘इग्लास’ कधीच म्हणत नाही. ‘ग’कडून ‘ल’कडे जाताना आवाज मोकळा होत जातो, म्हणून स्वर मधे शिरतो. ‘स’ लांबवता येतो, पण पुढचा ‘क’ किंवा ‘ट’ श्वास अडवतो. तिथे जीभ आधी ‘इ’चा टेकू घेते आणि ‘स’ त्या नव्या अक्षराच्या शेवटी जाऊन बसतो. कुणी शिकवलेलं नसताना ही निवड हजारो तोंडांत सारखी होते. ती आजची नाहीच. संस्कृतातली ‘स्त्री’ पालीत ‘इत्थी’ झाली. लॅटिन ‘स्कोला’ची स्पॅनिशमध्ये ‘एस्कुएला’ झाली आणि फ्रेंचांनी तर पुढे तिच्यातला ‘स’ही गाळून ‘एकोल’ केली. पॅरिसच्या ‘एकोल’ला मान आणि शेजारच्या दुर्गच्या ‘इस्कूल’ला हसू, हा कुठला न्याय? आपलं घरही वेगळं नाही. आपल्या पूर्वजांनी ‘स’ गाळून वाट काढली: स्कंधाचा खांदा झाला, स्थानाचं ठाणं झालं. खेड्यातलं ‘ठेसन’ त्याच वाटेनं आलं आहे.

कुणी म्हणेल, इतिहास काहीही असो, इंग्रजी म्हणून ‘इस्टील’ चूकच. मग तोच काटा आपल्यालाही लावून पाहू. इंग्रजीत ‘फर्नेस’चा सगळा जोर पहिल्या अक्षरावर असतो आणि दुसरं इतकं दबतं की ‘फर्निस’सारखं ऐकू येतं, आपण स्पेलिंग पाहून ‘ने’ ठसठशीत म्हणतो. ‘इंजिनिअर’मध्ये इंग्रजी आघात शेवटच्या अक्षरावर आहे, आपण सगळ्या अक्षरांना जवळपास सारखं वजन देतो, कारण आघात हलवून अर्थ बदलायची सोय मराठीत नाही. इंग्रजीत ती आहे: ‘रेकॉर्ड’चा जोर पहिल्या अक्षरावर असला की नाम, दुसऱ्यावर गेला की क्रियापद. तेव्हा जोडाक्षर साधलं म्हणून इंग्रजी साधलं, असं होत नाही. ज्यांच्या मदतीनं हा कारखाना उभा राहिला, त्या रशियनांच्या भाषेत ‘भ’ नाही. ते भिलाई लिहिताना ‘ब’ आणि ‘ख’सारखं व्यंजन अशी दोन अक्षरं वापरतात. त्यानं भट्टीचं काही अडलं नाही.

खरी अडचण नोकरीच्या मुलाखतीची आहे, आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. चुकीच्या जागी पडलेला आघात परक्या कानाला शब्दच ओळखू देत नाही. तिथे मुलाचं नुकसान होतं. म्हणून इंग्रजीच्या तासाला स्पेलिंगइतकाच आघात शिकवायला हवा, कानानं आणि मोठ्यानं म्हणवून घेऊन. पण तो इंग्रजी बोलण्यापुरता. मराठी किंवा छत्तीसगढी वाक्यात आलेला शब्द त्या घरचा झालेला असतो आणि त्या घरच्या चालीनंच चालतो. भिलाईतल्या मराठी आईबापांना एवढंच सांगणं आहे: मुलांना ‘इंजिनिअर’चा इंग्रजी आघात जरूर शिकवा, पण शेजारचे काका ‘इस्टील’ म्हणाले म्हणून त्यांना हसू देऊ नका.